वर्गातल्या अपेक्षांचा तक्ता: शिक्षकाचा रकाना कोणी लिहायचा?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुख्याध्यापकांनी नववीच्या वर्गात मुलांकडून काय अपेक्षा आणि शिक्षकांकडून काय अपेक्षा असा तक्ता लावायला सांगितलाय, तुम्ही शिक्षण सेवक म्हणजे मानधनावरचे नवे शिक्षक म्हणून यंदाच लागलात, पटावर ६८ पोरं, आणि स्टाफरूममधले जुने लोक म्हणतायत की शिक्षकांचा रकाना लिहिलात तर दिवाळीपर्यंत पोरं डोक्यावर मिरे वाटतील. मग लिहायचं काय आणि कसं.

मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत २७ वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, शेवटची चार वर्षं पर्यवेक्षक होते म्हणजे दुसऱ्यांच्या वर्गाच्या दारात उभं राहून गोंधळ ऐकायचं कामही केलंय, त्या जोरावर सांगते. जुन्या लोकांचं अगदीच चूक नाही. तक्ता नुसता लावलात तर पोरं चेष्टा करतातच. पण चेष्टा होते ती शिक्षकांचा रकाना असल्यामुळे नाही, तो खोटा असल्यामुळे. "शिक्षक सर्वांना समान वागणूक देतील" असलं कायतरी आपणच लिहितो, छान अक्षरवाल्या मुलीकडून स्केचपेनने काढून घेतो, भोवती बॉर्डर, कोपऱ्यात कमळ, आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या बाकावरच्या चौघांना प्रश्न विचारून तास उरकतो. नववीतल्या पोराला हे कळत नाही होय? त्याला आपल्यापेक्षा आधी कळतं.

माझा पहिला तक्ता असाच होता. बारा नियम, बाराच्या बारा मुलांसाठी, त्यातले बरेचसे "नये" वर संपणारे. आणि गंमत म्हणजे सगळीकडे "आपण" लिहिलेलं. आपण वर्गात गोंधळ करू नये, आपण गृहपाठ वेळेवर करावा. हा "आपण" शिक्षकांचा फार लाडका शब्द, त्यात आपण स्वतः कधीच नसतो. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आपण म्हणजे तुम्हीपण का?" वर्ग हसला, मीही हसले, पण घरी जाताना डोक्यात तेच. तेव्हापासून तक्त्यात "आपण" लिहायचं बंद केलं. एका बाजूला "आम्ही", दुसऱ्या बाजूला "बाई", आणि बाईंच्या बाजूची पहिली यादी मुलं करणार, मुलांच्या बाजूची पहिली यादी मी करणार, मग दोघांनी समोरासमोर बसून घासाघीस. माझ्या मते सगळं त्या घासाघिशीत आहे, कागद काय नंतर कोणीपण लिहितो.

आता कसं करायचं ते. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात हे करू नका. तेव्हा पोरांनी तुम्हाला बघितलेलं नसतं, ती मागच्या वर्षीच्या शिक्षकावरचा राग तुमच्या नावावर लिहितात किंवा मग तुम्हाला खूश करायला गोडगोड लिहितात. तीन-चार आठवडे जाऊ द्या, एखादी वही तपासून होऊ दे, एकदा तुमचा आवाज चढू दे, मग एक दिवस अर्धा-अर्धा कागद वाटा, नाव लिहायचं नाही, आणि दोनच प्रश्न. तासाला काय झालं की तुमचं डोकं उठतं? आणि सरांनी काय केलेलं तुम्हाला नको वाटतं? "अपेक्षा" हा शब्द वापरू नका, अपेक्षा म्हटलं की पोरं निबंध लिहायला घेतात. कागद स्वतः गोळा करा, मॉनिटरला गोळा करायला लावू नका, तो वाचतो आणि अक्षरावरून ओळखतो.

थोडे कागद फालतू येतील, शाहरुख खान, हार्ट, तुमचं व्यंगचित्र वगैरे. ते बाजूला ठेवायचे, चिडायचं नाही. बाकीचे नीट वाचा. मला वर्षानुवर्षं जे यायचं त्यातलं सांगते. पेपर देताना मार्क मोठ्याने वाचू नका. पीटीचा तास गणिताला घेऊ नका. माझ्या बहिणीशी तुलना करू नका, ती हुशार होती मी नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर "एकच मिनिट" म्हणू नका. प्रश्न विचारता आणि तुम्हीच उत्तर देता. फोन बघता. आणि एका वर्षी, पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात, "स्कॉलरशिपवाले उभे रहा असं म्हणू नका".

हे शेवटचं वाचून मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही थोडा वेळ. आपण फॉर्म भरून घ्यायच्या घाईत असतो, ऑफिसमधून यादी आलेली असते, शिपाई दारात उभा, आणि आपण भर वर्गात जातीचा प्रवर्ग उच्चारून पोरांना उभं करतो, ६८ डोळ्यांच्या जोड्यांसमोर. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या पोराच्या दृष्टीने मी रोज नाही तरी वर्षातून दोनदा तेच करत होते. त्यानंतर मी यादी घेऊन मधल्या सुट्टीत एकेकाला टेबलापाशी बोलवायला लागले. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत. आडनावावरून, बोलण्याच्या ढंगावरून ("लई" म्हणाला की हसायचं, "न-ण" चुकलं की नक्कल करायची) जे चालतं तेही याच खात्यातलं. शुद्धलेखन वहीत दुरुस्त करा, बोलताना पोराला आधी वाक्य पूर्ण करू द्या.

प्रश्नांचं सांगते, कारण ते मला पटायला वेळ लागला. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात शेकडो तासांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं आणि मनात म्हटलं की मी थांबते की. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघून मोजलं, सर, खरंच एक सेकंदसुद्धा नाही. तीन सेकंद वर्गात इतके लांब वाटतात की काय सांगू. तर माझ्या रकान्यात मुलांनी लिहिलेलं वाक्य तसंच राहिलं, "बाई प्रश्न विचारून थांबतील". आणि त्याला जोडून मुलांच्या रकान्यात माझं वाक्य, "बाई थांबलेल्या असताना ज्याला उत्तर येतंय तो ओरडून सांगणार नाही". बघा, ही दोन वाक्यं एकमेकांशिवाय चालतच नाहीत. तक्त्यातली जितकी वाक्यं अशी जोडीने येतील तितका तो टिकतो.

दोन्हीकडे पाचाच्या वर नियम नकोत, आणि प्रत्येक वाक्य डोळ्याला दिसणारं हवं. "शिस्त पाळू" हे कोणाला दिसत नाही. "शांत बसू" पण नाही, कारण गटात गणित सोडवताना मला शांतता नकोच असते. "दुसरा बोलत असताना मध्ये बोलणार नाही" हे दिसतं. "घंटा झाल्यावर दोन मिनिटांत वही-पुस्तक बाकावर" हे दिसतं. तुमच्या बाजूलाही तसंच, "प्रेमाने वागेन" नको, "मार्क मोठ्याने वाचणार नाही" चालेल.

आणि झेपेल तेवढंच कबूल करा ओ. नवीन शिक्षक इथे हमखास फसतात. पोरं म्हणतात वह्या दोन दिवसांत तपासून द्या, आपण भावनेच्या भरात हो म्हणतो. हिशोब करा. चार वर्ग, प्रत्येकी ६८, झाल्या २७२ वह्या, एका वहीला तीन मिनिटं धरली तरी ८१६ मिनिटं, म्हणजे साडेतेरा तास, तेही टाचण म्हणजे रोजच्या पाठाची तयारी, घटक चाचणीचे पेपर आणि बदली तास सांभाळून. दोन दिवसांत शक्यच नाही. मी हा हिशोब फळ्यावर मांडला, पोरांनीच भागाकार केला, आणि त्यांनीच तोडगा काढला की दर आठवड्याला प्रत्येक वर्गाच्या दोन रांगा तपासायच्या, बाकीच्यांनी उत्तरं फळ्यावरून एकमेकांची तपासायची. रांगा सहा, म्हणजे तीन आठवड्यांत फेरी पूर्ण. हे मी पाळू शकले. निवडणूक ड्युटी, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, असल्या गोष्टी तर आपल्या हातातच नसतात, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचं काम शिक्षकाला लावता येतं असं चक्क लिहिलंय, आणि २०२४ सारख्या वर्षात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या की काय होतं ते तुमचे सिनियर सांगतील. म्हणून माझ्या रकान्यात "बाई रोज वेळेवर येतील" असं नव्हतं, "बाई येणार नसतील तर आदल्या दिवशी सांगतील आणि काम लिहून ठेवतील" असं होतं.

फोनचंही तसंच केलं. वरून अकरा वाजता मेसेज येतो की अमुक माहिती बारा वाजेपर्यंत पाठवा, मग तासाला फोन बघावाच लागतो, आणि पोरांना मात्र फोन आणायला बंदी. त्यावर ठरलं असं, की फोन टेबलावर पालथा, आणि बघायची वेळ आलीच तर बाई मोठ्याने सांगणार, "ऑफिसची माहिती आहे, दोन मिनिटं". सांगून बघितलं की पोरांचं काही म्हणणं नसतं. सुरुवातीला मला हे फार अपमानाचं वाटलं होतं, मी काय पोरांची परवानगी घेऊ? पण खरं सांगू का, मोठ्याने सांगायचं म्हटल्यावर माझंच बघणं निम्म्यावर आलं.

हजेरीचं घ्या. ६८ नंबर पुकारायला चार-पाच मिनिटं जातात, तास ३५ मिनिटांचा. रोजची पाच मिनिटं, वर्षाचे २०० दिवस धरले तर हजार मिनिटं, म्हणजे २८ तासिका नुसत्या "येस सर" मध्ये. आम्ही बसायच्या जागा ठरवून नकाशा काढला आणि रिकामी जागा बघून हजेरीचा कॅटलॉग भरायला लागलो. बदल्यात मुलांचं कबूल होतं की जागा बदलायची तर सोमवारीच.

मुलींचा एक मुद्दा असतो जो त्या अर्ध्या कागदावरही पूर्ण लिहीत नाहीत, "बाहेर जायला विचारताना लाज वाटते" एवढंच. सर तुम्ही पुरुष आहात, तर हा तुमच्या वर्गात जास्तच असेल. दाराच्या खिळ्याला दोन लाकडी पट्ट्या टांगा, एक मुलींची एक मुलांची, जायचं असेल त्याने पट्टी घेऊन जायचं, विचारायचं नाही, पट्टी नसेल तर थांबायचं. पहिला आठवडा नुसती वरात निघेल. नंतर कंटाळतात.

आता नियम मोडला तर काय, हा खरा प्रश्न. दंड लावू नका, अजिबात. मी एक वर्ष उशिरा येणाऱ्याला दोन रुपये केले होते, ज्यांच्याकडे पैसे होते ती पोरं दोन रुपये टेबलावर ठेवून ऐटीत आत यायची आणि ज्याच्याकडे नव्हते तो शाळेतच यायचा नाही. वर्गाबाहेर उभं करणं म्हणजे ज्याला गणित आधीच येत नाही त्याचा अजून एक तास घालवणं. आणि मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची ही पद्धत तर आजच बंद करा, त्यात निम्मी नावं भांडणं झालेल्यांची असतात आणि मॉनिटरच्या मित्राचं नाव कधीच नसतं.

मारण्याबद्दल पण बोलते, कारण स्टाफरूममध्ये कोणीतरी तुम्हाला म्हणेलच की शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच आहे, नववीला चालतं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करणारं कलम १७ त्या कायद्यातलं, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि तो कायदा ६ ते १४ वयाचा हे खरं. पण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू होतं, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण केली, त्याला क्लेश होईल असं वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी स्वतः सुरुवातीची बारा-तेरा वर्षं पट्टी वापरली. लपवत नाही. कायदा आला म्हणून सोडली, मन बदललं म्हणून नाही, मन नंतर बदललं, कारण पट्टी गेल्यावर मला पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्याकडे दुसरं काही हत्यारच नाही, वर्ग सांभाळायला मी शिकलेच नव्हते.

मग काय करायचं? जे मोडलं तेच दुरुस्त करायचं. मध्ये बोललास, तर ज्याला तोडलंस त्याला "तुझं पूर्ण कर" म्हणायचं. बाक घाण केलास, पूस. गृहपाठ नाही झाला, तर कारण न विचारता त्यातली तीन गणितं मधल्या सुट्टीच्या शेवटच्या दहा मिनिटांत माझ्यासमोर, डबा खाऊन झाल्यावर, डब्याच्या वेळेला हात लावायचा नाही. तिसऱ्यांदा तेच झालं तर मी आणि तो, दोघंच, तास सुटल्यावर बोलणार. वर्गासमोर नाही. बरेचदा कारण घरात असतं, ऊसतोडीला आईबाप गेलेत आणि पोरगी धाकट्यांना सांभाळतेय, तिला तुम्ही गृहपाठाचे नियम काय सांगणार.

आणि आपण मोडला तर? एका सहामाहीला बीजगणिताचे पेपर देत होते, डोकं आधीच तापलेलं, एका पोराला ४० पैकी ६, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सहा! चाळीसपैकी सहा!" वर्गात एकदम शांतता. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने काही न बोलता पेनने भिंतीकडे दाखवलं. तक्ता. मला इतका राग आला तिचा, खरं सांगते. दोन मिनिटं मी तशीच पेपर वाटत राहिले. मग थांबले आणि म्हटलं, "मी नियम मोडला, उरलेले पेपर पालथे देते, आणि याचं मी त्याच्याशी बोलेन." त्या पोराला काहीच वाटलं नव्हतं, तो दात काढत होता, "बाई सहा तर सहा". पण बाकीच्या वर्गाने बघितलं. त्यानंतर त्या वर्गात मुलांच्या बाजूचे नियम मोडल्यावर वाद घालणं कमी झालं, बंद नाही झालं, कमी झालं. तुमच्यावर ही वेळ येईल तेव्हा लांबण लावू नका, कारणं देऊ नका, एक वाक्य आणि लगेच दुरुस्ती. भाषण केलंत की पोरांना तेही नाटक वाटतं.

सिनियर म्हणतात ते डोक्यावर बसणं कधी होतं माहितीये? एक दिवस चालवायचं आणि एक दिवस सोडायचं असं केलं की. पहिले पंधरा दिवस पोरं हमखास तपासून बघतात, मुद्दाम तुमचा रकाना दाखवून फिरकी घेतात. हसून घ्या आणि त्यांचाही रकाना तितक्याच न चिडता दाखवा.

बाकीचे विषय शिक्षक हे जरा अवघड प्रकरण. तुमच्या वर्गावर सात-आठ जण येतात, सगळे मानणार नाहीत. पूर्ण तक्ता त्यांच्या गळ्यात मारायला जाऊ नका, नवीन माणसाने तर नाहीच. दोनच गोष्टी मागा, दाराच्या पट्ट्या आणि मार्क मोठ्याने न वाचणं, त्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. जे मानत नाहीत त्यांच्या तासाला त्यांची पद्धत, असं पोरांना सरळ सांगा, पोरांना ते जमतं, घरी आईचे नियम वेगळे आजीचे वेगळे असतातच की. पण पोरं तुमच्याकडे येऊन दुसऱ्या शिक्षकांच्या चहाड्या सांगायला लागली तर तिथेच थांबवा, नाहीतर तक्ता राहील बाजूला आणि स्टाफरूममध्ये तुमच्याशी कोणी बोलणार नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात ठेवा. एखाद्या मुलीने किंवा मुलाने कोणी नको तिथे हात लावतो, नको ते बोलतो असं सांगितलं, कागदावर लिहून का असेना, तर ती अपेक्षा-बिपेक्षा नाही, चहाडी नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे अशी माहिती कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, मग तो माणूस स्टाफमधला असो की रिक्षावाला. मुख्याध्यापक, सखी सावित्री समिती (शाळेतली मुलांच्या सुरक्षिततेची समिती), पोलीस, आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८. "आधी शहानिशा करू" म्हणून दाबून ठेवायचं नाही. तो कागद फाडायचाही नाही.

पालकांना पहिल्या सभेत तक्ता वाचून दाखवा, दोन्ही बाजू. कोणीतरी वडील उठून म्हणतीलच, "सर एवढं कशाला, दोन ठेवून द्या ना." त्यांच्याशी वाद घालू नका. आमच्याकडे एकदा मागे बसलेल्या एका आईने विचारलं, "बाई, हा कागद मला घरी लावायला मिळंल का?" झेरॉक्स काढून दिली.

तक्ता कार्डशीटवर मार्करने लिहा, अक्षर कोणाचंही चालेल, खाली सगळ्यांच्या सह्या आणि तुमचीही, त्यांच्यातच कुठेतरी, वर मोठी नको. लॅमिनेशन करू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात तो उतरवून पुन्हा वाचायचा असतो, दोनएक वाक्यं कोणीच पाळत नसतं ती खोडायची, एखादं नवीन घालायचं, आणि लॅमिनेशनवर पेन चालत नाही. मागून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवा म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने कोपरे फाटत नाहीत.